घरी जोडलेल्या संगणकाचा परवाना

बडोद्याच्या खंडेराव मार्केटची इमारत ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिच्यातील एक गंमत सहज आठवेल. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली, आपल्या राज्यकारभारास पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने, ही वास्तू नगरपालिकेच्या हवाली केली आणि तिला खंडेराव महाराजांचे नाव दिले. दर्शनी भागात महानगरपालिकेची कचेरी, आणि मागल्या अंगास भाजीचा व फुलांचा बाजार. पुढे कागद आणि शिक्के, मागे मेथी, वांगी आणि झेंडू! दोन निरनिराळ्या जातीचे व्यवहार असे पाठीला पाठ लावून उभे असलेले क्वचितच पाहावयास मिळतात. मेथीची जुडी विकत घेतली की ती आपली झाली. तिची भाजी करा, शेजारणीला द्या, नाहीतर पिशवीत सुकू द्या. विकणारी बाई विचारावयास येणार नाही. परंतु बाजारातल्या ओट्यावर बसून मेथी विकण्याची जी परवानगी असते, ती निराळी चीज होय. ती कोणाला दिली, कोणत्या जागेपुरती दिली, कोणत्या अटींवर दिली, हे सारे त्या कागदात असते. ओटा सोडून दुसऱ्या बाजारात जावयाचे झाले तर तो कागद पिशवीत घालून नेता येत नाही.

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमबाबत, म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणाऱ्या संचालनप्रणालीबाबत, माणसांची गफलत होते ती नेमकी येथेच. आपण समजतो की आपण मेथीची जुडी विकत घेतली. वास्तविक आपल्या हाती आलेली असते ती ओट्याची परवानगी.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही, घरातच कळली. माझी पुतणी चित्रकलेची पदवी घेऊन मिठाईच्या आणि औषधांच्या खोक्यांची चित्रे काढून देण्याचा व्यवसाय करते. तिने स्वतःचा संगणक स्वतः जोडावयाचे ठरवले. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट, एकेक वस्तू चौकशी करून, चार दुकानांतले भाव ताडून तिने आणली आणि प्रत्येकीची पावती खोक्यासह जपून ठेवली. सगळे जुळले, पंखे फिरू लागले, घरात पेढे वाटले गेले. मग विंडोज घालण्याची वेळ आली. येथवर इतकी काटेकोर असलेली ही मुलगी या ठिकाणी मात्र घसरली. महाजालावरील कोणा विक्रेत्याकडून तिने चारशे रुपयांना पंचवीस अक्षरांचा एक संकेतांक घेतला. तो घातला, आणि पडद्यावर ‘सक्रिय’ असे उमटलेही. “काका, चालतंय ना? मग अडचण काय?” असे तिने मला विचारले, आणि मलाही त्या वेळी काही उत्तर सुचले नाही.

अडचण सहासात महिन्यांनी कळली. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूस, पुसट अक्षरांत ‘विंडोज सक्रिय करा’ अशी सूचना येऊन बसली. विक्रेत्याचा ठावठिकाणा लागेना. आणि दैवाची थट्टा अशी की, त्याच आठवड्यात एका कारखानदारीच्या कंपनीने तिला वर्षभराचे काम देऊ केले, आणि करारापूर्वी तिच्या संगणकावरील सर्व प्रणालींच्या खरेदीच्या पावत्या मागितल्या. मदरबोर्डची पावती होती, पंख्याचीही होती. जिच्यावर सारे काम चालावयाचे त्या प्रणालीची नव्हती.

श्रोतेहो, हा तंटा आजकालचा नाही. घरी जोडलेला संगणक आणि त्यातील प्रणालीचे मोल यांचे भांडण दोघांच्या जन्मापासूनचे आहे. १९७५ च्या जानेवारीत अमेरिकेतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाने आल्टेअर ८८०० या यंत्राचे चित्र मुखपृष्ठावर छापले. सुटे भाग मागवावेत आणि डाख देऊन घरी यंत्र उभे करावे, असा तो प्रकार. त्या यंत्रासाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांनी बेसिक ही भाषा लिहून दिली. ती छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर मिळत असे, आणि हौशी मंडळींनी त्या फितीच्या नकला करकरून मित्रांत वाटल्या. तेव्हा ३ फेब्रुवारी १९७६ ही तारीख घालून गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना एक उघडे पत्र लिहिले. यंत्राचे पैसे तुम्ही बिनबोभाट मोजता, मग त्यावर चालणाऱ्या लेखनाचे पैसे देताना ते फुकट वाटावयाची वस्तू कसे होते, असा त्यातील रोख होता. पत्राने पुष्कळ मंडळी चिडली. परंतु माणसाच्या मनाची एक ठेवण त्यात अचूक पकडली होती, असे म्हणावयास हरकत नाही. पत्रा, तार, पंखा या हाताला लागणाऱ्या वस्तूंना आपण खुशीने पैसे देतो. जे डोळ्यांना दिसत नाही त्याला देताना हात आखडतो. माझ्या पुतणीनेही पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या हौशी मंडळींहून निराळे काही केले नाही.

पुढे पुष्कळ काळ विक्रीच्या खोक्यावर एक क्रमांक छापलेला असे. तो खरा की खोटा हे पाहण्याचे काम संगणकच जागच्या जागी करी. त्यामुळे एका क्रमांकावर अख्खी आळी संगणक चालवी. २००१ साली विंडोज एक्सपी आली आणि हा मामला बदलला. क्रमांक घातल्यावर यंत्राने कंपनीकडे आपली नोंद करून घ्यावयाची, अशी रीत पडली. हीच ती ‘ॲक्टिव्हेशन’ नावाची क्रिया. आपण तिला परवाना चालू करणे म्हणू.

कायद्याच्या नजरेने या व्यवहाराकडे पाहिल्यास तो मोठा मनोरंजक ठरतो. दुकानातून आणलेली तयार प्रणाली ही ‘माल’ आहे आणि तिच्यावर विक्रीकर बसू शकतो, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात दिला. म्हणजे मेथीची जुडी खरीच! परंतु त्याच न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी आणखी एका निकालात असेही सांगितले की, वापरणाऱ्यास प्रणालीची प्रत मिळते, तिच्यातील लेखनाधिकार मिळत नाही. ते दोन्ही खटले कराविषयीचे होते हे खरे. पण सामान्य माणसाने त्यांतून घ्यावयाचा अर्थ एवढाच की, पुस्तक विकत घेतले म्हणून ते छापण्याचा हक्क जसा आपल्याकडे येत नाही, तद्वतच येथेही आहे. मूळ कायदा १९५७ सालचा. त्याच्या कलम ६३-ब प्रमाणे, प्रत बेकायदा आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्याच्या ओघात नसल्यास न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर भागवू शकते. माझ्या पुतणीचा तर तो धंदाच होता. हे कलम मी तिला वाचून दाखवले तेव्हा तिचा चेहरा उतरला.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. विंडोजचा परवाना घेताना ‘केवढ्याला?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘कशाला बांधलेला?’ हा आहे.

एक परवाना यंत्राला बांधलेला असतो. त्यास ओईएम म्हणतात. नावाजलेल्या कंपनीचा लॅपटॉप घेतला की हा त्याच्या पोटातूनच येतो. २०१२ साली विंडोज ८ आली तेव्हापासून त्याचा संकेतांक बहुधा मदरबोर्डच्या स्मृतीतच कोरलेला असतो, त्यामुळे पूर्वीसारखे रंगीत लेबल खालच्या बाजूस शोधू नये. संगणक जोडून विकणाऱ्या दुकानदारांनाही याच जातीचा परवाना स्वस्तात मिळतो. तो स्वस्त आहे याचे कारणच असे की, ज्या यंत्रावर तो प्रथम चालू झाला त्याच्याबरोबर तो जगतो आणि त्याच्याबरोबरच मरतो. यंत्राचे मर्म येथे मदरबोर्ड मानले जाते. रॅम वाढवा, तबकडी बदला, सहसा तक्रार होत नाही; परंतु निराळा मदरबोर्ड बसवला की प्रणालीच्या लेखी ते यंत्रच दुसरे झाले. शिवाय काही अडल्यास मदत करण्याची जबाबदारी यंत्र जोडणाऱ्यावर असते, आणि घरी जोडलेल्या संगणकाचा जोडणारा म्हणजे आपण स्वतः! अडगळीतल्या जुन्या लॅपटॉपचा परवाना काढून नव्या यंत्रास लावू, असा बेत पुष्कळजण करतात. तो या जातीच्या परवान्यात बसत नाही.

दुसरा परवाना व्यक्तीकडे राहतो. त्यास रिटेल म्हणतात. हा महाग असतो. अमेरिकेत विंडोज ११ च्या होम आवृत्तीस १३९ डॉलर आणि प्रो आवृत्तीस १९९ डॉलर असा कंपनीचा छापील भाव राहिला आहे. आपल्याकडेही तो हजारांतच असतो. परंतु तो एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. अट एवढीच की, एका वेळी एकाच यंत्रावर असावा. जो मनुष्य संगणक घरी जोडतो, तो दोनतीन वर्षांनी त्यातला एखादा मोठा भाग बदलणार हे त्याच्या पत्रिकेतच लिहिलेले असते. म्हणून अशा माणसाने विंडोजच घ्यावयाची असेल तर रिटेल परवाना घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी जात मोठ्या संस्थांची. शेकडो यंत्रांसाठी एकच संकेतांक, किंवा संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून यंत्रांना परवाना वाटण्याची सोय. या सर्व्हरच्या रीतीत परवाना १८० दिवसांचा असतो आणि संस्थेच्या जाळ्याशी संपर्क ठेवून तो पुनःपुन्हा ताजा करावा लागतो. चारशे-पाचशे रुपयांत मिळणाऱ्या संकेतांकांचे गूढ पुष्कळदा येथे उकलते. कोण्या संस्थेचा सामायिक संकेतांक बाहेर पडतो आणि शेकडो लोकांस तुकड्यातुकड्याने विकला जातो. प्रारंभी तो चालतो. कंपनीच्या ध्यानात आले, की तो बंद होतो. विकणाऱ्याने आपल्याला परवाना दिलेलाच नसतो, केवळ पंचवीस अक्षरे दिलेली असतात. ‘सक्रिय’ हा शब्द पडद्यावर दिसला याचा अर्थ नोंद झाली, एवढाच; आपला हक्क सिद्ध झाला असा नव्हे. आणि विंडोज फुकट चालू करून देणारी म्हणून जी कार्यक्रमिका मित्राच्या पेनड्राइव्हवरून येते, तिच्याविषयी तर बोलावयासच नको. तिला आपल्या यंत्राचे सर्वाधिकार द्यावे लागतात. घराची किल्ली अनोळखी माणसाकडे देण्याचा तो प्रकार होय.

होम घ्यावी की प्रो, यावर फार वेळ दवडण्याचे कारण नाही. दुसऱ्या ठिकाणाहून आपल्या यंत्राचा पडदा विंडोजच्याच सोयीने उघडावयाचा असेल, बिटलॉकरची पूर्ण कुलूपबंदी आपल्या हाती हवी असेल, किंवा कचेरीच्या जाळ्यात यंत्र दाखल करावयाचे असेल, तरच प्रो. घरगुती माणसास होम पुरते. लॅपटॉपवर ‘सिंगल लँग्वेज’ नावाची एक आवृत्ती आढळते. तीत पडद्यावरील सूचनांची भाषा आपल्या मर्जीने बदलता येत नाही. मराठी टंकलेखन मात्र या सर्वांत होते, त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागत नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण मराठी लिहावयाची म्हणून महाग आवृत्ती घेतलेले एक गृहस्थ माझ्या परिचयात आहेत.

कोणती विंडोज, हा प्रश्नही आता उरलेला नाही. विंडोज १० चा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा नव्या यंत्रावर ११ च घालावी. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. जुळणी करताना नवशिके येथे घाबरतात. पडद्यावर ‘हे यंत्र अपात्र आहे’ असे आले की त्यांना प्रोसेसर परत करावासा वाटतो. अलीकडच्या बोर्डांत ती सोय असतेच, कधीकधी झोपलेली असते इतकेच. बोर्डच्या मूळ मांडणीत शिरून इंटेलच्या यंत्रावर पीटीटी आणि एएमडीच्या यंत्रावर एफटीपीएम या नावाने ती जागी करावी.

परवाना चालू करण्याची कृती सोपी आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या स्थळावरून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर प्रणाली उतरवून घ्यावी. ही प्रत फुकट असते. पैसे परवान्याचे असतात, हे येथे पुन्हा दिसून येईल. बसवताना संकेतांक विचारला असता ‘माझ्याकडे नाही’ असे सांगून पुढे जाता येते, मात्र आवृत्ती निवडताना जिचा परवाना आहे तीच निवडावी. होमचा संकेतांक प्रोला लागत नाही. नंतर सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात ॲक्टिव्हेशन, तेथे पाच-पाचांच्या पाच गटांतली पंचवीस अक्षरे भरावयाची. या अक्षरांत शून्य नसते आणि ओही नसतो, एक नसतो आणि आयही नसतो. पाच आणि एस हेही वगळलेले आहेत. तेव्हा आपल्यास शून्य दिसत असेल तर चष्मा पुसून पुन्हा पाहावे. बहुधा तो क्यू किंवा डी असेल. नोंद होताना यंत्राच्या भागांवरून एक खूण तयार होते आणि ती कंपनीच्या दप्तरी राहते. त्याच वेळी आपले मायक्रोसॉफ्टचे खाते त्या परवान्यास जोडून घ्यावे. ही सोय २०१६ पासून आहे, आणि पुढे बोर्ड बदलण्याची वेळ आल्यास तीच उपयोगी पडते.

आपल्या यंत्रावर कोणत्या जातीचा परवाना आहे हे पाहावयाचे असेल तर कमांडच्या खिडकीत एस, एल, एम, जी, आर ही अक्षरे सलग लिहावीत, एक जागा सोडून तिरपी रेघ द्यावी आणि तिला लागून डी, एल, आय लिहावे. जी चौकट उघडेल तीत रिटेल, ओईएम की व्हॉल्यूम हे लिहिलेले असते. दुकानदाराने यंत्र जोडून दिले असेल तर पैसे देण्यापूर्वी त्याच्यासमोरच ही चौकट उघडावी. तो रागावला तर रागावू द्यावा.

ज्यांना हा सारा खटाटोप नको त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे, आणि तो मला व्यक्तिशः फार आवडतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि १९९१ साली लिनस टोर्वाल्ड्‌स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगास दिला. येथेही परवाना असतोच, परंतु त्याची दिशा उलटी! वापरा, नकला करा, वाटा, बदला. वाटलेत तर घेणाऱ्यासही हेच हक्क द्या, एवढी त्याची अट. संकेतांक नाही, नोंद नाही, बोर्ड बदलला तरी विचारणारा कोणी नाही. उबुंटू, मिंट, किंवा आपल्या सी-डॅकने तयार केलेली बॉस, यांपैकी कोणतीही बसवा. पत्रे लिहिणे, हिशेबाचे तक्ते, महाजाल, मराठी टंकलेखन, सारे होते. मात्र आपल्या कामाची अवजारे तीवर चालतात की नाही हे आधी पाहावे. दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल, किंवा चित्रकाम फोटोशॉपवर असेल, तर लिनक्सने भागत नाही. नुसत्या तत्त्वाच्या प्रेमाने आपल्या पोटाचे साधन अडवून ठेवणे शहाणपणाचे नाही. माझ्या घरचा संगणक लिनक्सवर चालतो; पुतणीला मी तो सल्ला दिला नाही.

तिने शेवटी होमचा रिटेल परवाना विकत घेतला. पण चारशे रुपयांच्या संकेतांकाने तिच्या यंत्रावर प्रो बसवली होती, आणि प्रोवरून होमवर उतरण्यास सरळ जिना नाही; सारे पुसून नव्याने बसवावे लागते. एक अख्खा रविवार चित्रे दुसऱ्या तबकडीवर हलवण्यात गेला. सोमवारी तिने कंपनीस पावती धाडली आणि काम मिळाले. नंतरच्या पावसाळ्यात विजेच्या खेळाने तिचा मदरबोर्ड जळाला. नवा बसवल्यावर ॲक्टिव्हेशनच्या पानावरील दुरुस्तीच्या सोयीत जाऊन ‘यंत्राचा भाग अलीकडे बदलला आहे’ असे तिने सांगितले, खात्यात शिरली, तेव्हा तिच्या यंत्रांची यादी पुढे आली. यादीत दोन नावे होती, दोन्ही ‘डेस्कटॉप’ या शब्दापुढे अगम्य अक्षरे जोडलेली, आणि त्यांतले जळालेले यंत्र कोणते हे ओळखण्यात अर्धा तास गेला. आता तिने संगणकाला नाव दिले आहे. पडद्यावर ते इंग्रजी अक्षरांत ‘बडोदे’ असे दिसते.